वरच्या घरचं पाणी

डोंबिवली (पूर्व)
४ ऑक्टोबर २०२५

रुचिताताई यांना खालच्या मजल्यावरच्या समीक्षाचा नमस्कार.

सोसायटीच्या फाइलमध्ये तुमचा आंबिवलीचा पत्ता मिळाला, म्हणून लिहिते आहे. फोन तीनदा लावला. लागत नाही. माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवला असेल, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कामाचं सांगते. आबांच्या खोलीतल्या भिंतीचा रंग पुन्हा सुटला आहे. तीच भिंत, आमच्या बाथरूमला लागून असलेली, तुमच्या बाथरूमच्या बरोबर खाली येते ती. गेल्या दोन्ही दिवाळ्यांना मी ती खरवडून, लांबी भरून, रंगवून घेतली. तोच रतन रंगारी येतो, कानात अत्तराचा बोळा असतो तो. दरवेळी म्हणतो, "ताई, मी रंगारी आहे, डॉक्टर नाही. वरून पावडर लावून देतो, आतलं तुमचं तुम्ही बघा." दरवेळी मी पावडर लावून घेतली. यंदा दसऱ्याच्या आधीच पोपडे गळायला लागले. सकाळी आबांच्या गादीवर पांढरे तुकडे पडलेले असतात. आबा ते वेचून वाटीत ठेवतात आणि वाटी माझ्यापुढे करतात. "घे, पोह्यांचा डबा भरून ठेव."

हसण्यासारखं तेवढंच. आबांना आता खोलीतून हॉलपर्यंत येताना धाप लागते. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि मग घराबद्दल विचारायला लागले. ओल आहे का, भिंतीला बुरशी आहे का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, औषधं मी देतो, पण झोपायला त्याच खोलीत जाणार असतील तर औषधांनी किती होणार? मी हॉलमध्ये दिवाण टाकून बघितला. आबा दोन रात्री झोपले, तिसऱ्या दिवशी उशी काखेत घेऊन परत आपल्या खोलीत. "मी काय पाहुणा आहे या घरात?" ब्याऐंशी वर्षांच्या बापाशी मी किती वाद घालणार?

कमिटीतल्या लोकांचं म्हणणं, तुमच्या बाथरूमच्या लाद्यांखाली जुनं पाणी साठलेलं असणार आणि तेच अजून झिरपतं आहे. बंद घरात असं होतं म्हणतात. माझंही मत तेच आहे. म्हणून विनंती, की घराची चावी पाठवावी. तुम्हाला यावं लागणार नाही. फक्त बाथरूम उघडून बघायचं आहे. बाकी कुठल्या खोलीत कोणी पाऊल ठेवणार नाही, ही जबाबदारी माझी.

तीन वर्षांपूर्वीचं काम कच्चं राहिलं असेल तर तो दोष कारागिराचा, तुमचा नाही. हे आधीच लिहून ठेवते.

समीक्षा


डोंबिवली
१२ ऑक्टोबर

रुचिताताई,

चावी आली नाही. सर्वेशचा फोन आला. शुक्रवारी, मी शाळेच्या ऑफिसात मुलांचे दाखले लिहीत बसले होते तेव्हा.

"काकू, आईला पत्र मिळालंय."

"मग?"

"मग काही नाही. वाचलं, घडी केली, फ्रीजवर ठेवलं."

"बोलली काही?"

"ती त्या घराबद्दल बोलतच नाही, काकू. मे महिन्यात मी गेलेलो ना खिडक्या बघायला, तर परत आल्यावर मला आधी अंघोळीला पाठवलं. जसा काय मी स्मशानातून आलो."

"चावी तुझ्याकडे नाही का रे?"

"तिच्या पर्समध्ये. पर्स तिच्या उशाशी. मागितली तर म्हणते, तुला काय करायचीय." मग म्हणाला, "तुम्ही पत्रंच लिहा, काकू. फोन ती बघत नाही. पत्र वाचते."

तर लिहिते आहे. गेल्या पत्रात मी तुला 'तुम्ही' म्हटलं. सोसायटीची पत्रं लिहून लिहून हात तसा झाला असेल. पण ज्या बाईच्या गॅसवर मी दूध ठेवून विसरत होते आणि जी माझ्या गॅसवर डाळ ठेवून विसरत होती, तिला अकरा वर्षांच्या शेजारानंतर 'तुम्ही' म्हणणं मला काही झेपायचं नाही.

आबांची खोली मी आता रोज झाडते. खाली वर्तमानपत्रं पसरून ठेवते आणि संध्याकाळी ती पोपड्यांसकट गुंडाळून टाकते. गेल्या रविवारी रतन येऊन सुटेल तेवढा रंग काढून गेला. खाली काय काय निघालं सांगू? पांढऱ्याखाली मोतिया, मोतियाखाली आकाशी, त्याखाली सिमेंट, आणि सिमेंटवर पिठासारखा खार. बोट लावलं की बोटाला लागतो. मोतिया रंग आपण दोघींनी मिळून निवडला होता, तुझ्या हॉलला आणि माझ्या आतल्या खोलीला एकाच डब्यातून झाला होता.

त्या मिटिंगबद्दल आपण कधी बोललो नाही. आता चावी मागतेच आहे, तर तेही लिहावं असं वाटतं. मार्च महिना होता, खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. त्या वर्षी सेक्रेटरी मी. बोर्डावरची नोटीस माझ्या अक्षरातली: वरच्या सदनिकेतून होणाऱ्या गळतीमुळे, वगैरे. तू उभी राहून म्हणालीस, "एक महिना द्या मला. ह्यांचे पाय लटपटतात, बाथरूम फोडलं तर ह्यांना घेऊन मी कुठे जाऊ? मे महिन्यात सर्वेशला सुट्टी आहे, तो आला की करते."

आणि मी म्हटलं, "आजारी माणूस काय फक्त तुमच्याच घरात आहे का?"

मागून कोणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं. तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेले नाही.

एप्रिलमध्ये तुमचं बाथरूम फुटलं. नवव्या दिवशी सकाळी विनीतभावोजी, फोडलेल्या जमिनीवर ये-जा करायला टाकलेल्या फळीवरून घसरले. आवाज झाला तेव्हा मी चहा गाळत होते. मी धावत वर आले. तू दार अर्धं उघडलंस आणि म्हणालीस, "आम्ही बघतो." तेवढंच. खुबा मोडला, अंथरूण धरलं, आणि ऑगस्टमध्ये ते गेले. त्यानंतर जवळपास वर्षभर तू माझ्या डोक्यावर राहत होतीस आणि मला फक्त तुझी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मग एक दिवस तोही बंद झाला.

मी माफी मागते असं म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. एकच म्हणते. काम करायला लागणारच होतं. काम झालं आणि भिंत सुकली, हे तूही पाहिलंस. बोलणं चुकलं, घाई चुकली, पण काम चुकलं नाही. एवढ्या एका गोष्टीच्या आधाराने मी इतके दिवस जिन्यात लोकांना तोंड दाखवते आहे.

चावी पाठव. आबांसाठी.

समीक्षा


डोंबिवली
१८ ऑक्टोबर

रुचिताताई,

चावी पाठवू नकोस. आता गरज नाही.

आमच्या शाळेचे नळ बघणारा एक प्लंबर आहे ठाण्याचा, सिल्वेस्टर म्हणून. त्याला बोलावलं होतं. त्याने दोष शोधला आणि काल दुरुस्तही करून दिला. आतून सुकेपर्यंत महिनाभर तरी रंग लावायचा नाही म्हणाला. त्यामुळे दिवाळीला भिंत अशीच राहणार, सोललेली. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावून ठेवला आहे. आबा म्हणतात, "या घरात माझ्यापेक्षा भिंतीची बडदास्त जास्त."

तुला उगाच दोन पत्रांचा त्रास दिला. सर्वेशला, सुनेला आणि तुला दिवाळीच्या शुभेच्छा. फराळाचं मी यंदा काही केलेलं नाही. चकली विकतची आणली, आबांना दातांनी तुटत नाही, ते चहात बुडवून खातात.

समीक्षा


डोंबिवली
२ नोव्हेंबर

रुचिताताई,

तुझं पत्र भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी आलं. तेव्हापासून ते मी पर्समध्ये घेऊन फिरते आहे. शाळेत, बँकेत, आबांच्या डॉक्टरांकडे. तुझं अक्षर अजून तसंच, शब्द संपला तरी रेघ पुढे जाते.

तू लिहिलं आहेस: "चावीशिवाय वरचं काम खालून कसं झालं, ते मला कळलं नाही. पण तू म्हणतेस तर झालं असेल. खालून केलेलं काम किती टिकणार, समीक्षा? आमच्या पाण्याने तुमचं घर नासलं ते नासलंच. ह्यांच्या जिवाला तेच लागून होतं. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं, तरी रोज विचारायचे, खालच्यांची भिंत सुकली का. एक दिवस मला म्हणाले, तू जाऊन हात लावून बघून ये. मी तुझ्याकडे आले होते ते त्यासाठी. तू काही न बोलता आत नेलंस. मी हात लावला. कोरडी होती. वर येऊन सांगितलं, सुकली हो. ते म्हणाले, चला, त्यांचा त्रास संपला. त्यानंतर दोन दिवसांनी गेले. माझ्याकडे एवढंच एक आहे, की ते समाधानाने गेले. दिवाळीनंतर मी परत राहायला यायचं म्हणत होते. सर्वेशचं घर लहान आहे, सून चांगली आहे, पण मी किती दिवस तिच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी उभी राहू? बॅगही भरायला काढली होती. तुझं पहिलं पत्र आलं आणि परत माळ्यावर टाकली. मी तिथे आले, नळ सोडला, आणि पुन्हा तुझ्या आबांच्या खोलीत पाणी उतरलं, तर? मला ते सोसणार नाही. तू माफ कर आम्हाला."

तू माफ कर आम्हाला. असं तू मला लिहिलं आहेस.

ताई, तू ये. भिंतीची काळजी करू नकोस. दोष किरकोळ होता आणि तो आता

(हे पत्र इथेच थांबलं. टाकलं नाही. पुढच्या पत्रासोबत याच पाकिटात घालते आहे, म्हणजे मी काय लिहिणार होते ते तुला कळेल.)


डोंबिवली
८ नोव्हेंबर

रुचिताताई,

आज शनिवार. शाळेला अर्धा दिवस. आबा जेवून पडले आहेत. जे झालं ते झालं त्याच क्रमाने लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा किरकोळ लिहीन.

सिल्वेस्टर आला सोमवारी, १३ तारखेला. साठीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्याने भिंत बघितली, हाताच्या मागच्या बाजूने चाचपली, आणि मला विचारलं,

"वर कोन रेतं गो?"

"कोणी नाही. बंद आहे."

"कवापासून?"

"सव्वादोन वर्षं झाली."

"गच्चीवरचा कॉक?"

"बंद. त्या गेल्या तेव्हा मीच बंद करवला."

"मग पानी काय देव पाठवते, बाय?"

मी त्याला लाद्यांखाली साठलेल्या जुन्या पाण्याचं सांगितलं. त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "जुना पानी? दोन उन्हाले गेले वरून. लोनचं हाय काय, मुरत ठेवायला?"

ताई, हे इतकं सोपं होतं. कॉक मीच बंद करवला होता. बंद घरात पाणी नाही, हे मला माहीत होतं. तरी दोन वर्षं मी लोकांना सांगत होते, वरून येतं. आपल्या बिल्डिंगमध्ये ओल आली की सगळे मान वर करून बघतात. मीही वरच बघितलं. बाजूला बघायचं सुचलं नाही.

तेवढ्यात आबा पलंगावरून म्हणाले, "मिस्त्री, ही भिंत गरम असते."

"कवा?"

"माझी अंघोळ झाली की. मी पाठ टेकून बसतो इथे. शेक बसतो चांगला."

सिल्वेस्टरने माझ्याकडे बघितलं. आबा म्हणाले, "हिला सांगितलं होतं मी. ही म्हणते, ओल्या भिंतीला टेकू नका."

खरं आहे. दोन हिवाळे ते सांगत होते. म्हातारा माणूस, काहीतरी बोलतो, असं मी धरलं होतं.

सिल्वेस्टरने आमचा गिझरचा कॉक बंद केला आणि भिंतीवरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढली. "चार दिस गरम पानी गॅसवर कर. मग बघू कोनाचं पानी हाय." चौथ्या दिवशी तो आला तेव्हा ओल रेघेच्या चांगली वीतभर आत गेलेली होती. मग त्याने आमच्या बाथरूममधली लादी फोडली. आमच्या, ताई. डोक्याच्याही वर, गिझरमधून गरम पाण्याची लाईन जिथे भिंतीत शिरते तिथे. आतल्या सांध्याला केसाएवढी चीर. गिझर चालू केला की तिच्यातून पाणी भिंतीत जायचं. वर असल्यामुळे ओल छताजवळ दिसायची, म्हणून सगळ्यांना वाटायचं की तुमच्याकडून उतरते.

मी त्याला विचारलं, "ही चीर कधीची असेल?"

"जुनी हाय. धा वर्सं तरी. सांधा पार हिरवा झाला."

"पण मध्ये भिंत सुकली होती. तीन वर्षांपूर्वी. वरचं काम केल्यावर."

तो म्हणाला, "ते मी कसं सांगू? तवा तुझा गिझर चालू होता काय?"

तो गेल्यावर कपाटातून कागदांची पिशवी काढली. नव्या गिझरच्या वॉरंटी कार्डावर डिसेंबर २०२२ ची तारीख आहे. जुन्याची कॉइल त्याच वर्षी होळीच्या सुमारास जळली होती, तेव्हाच त्याचा कॉक बंद करून ठेवला होता. नवा घेऊ, घेऊ म्हणत राहून गेलं. उन्हाळा आला, मग पावसाळा. डिसेंबरपर्यंत मी आबांचं पाणी गॅसवर तापवत होते. तुमचं काम एप्रिलमध्ये झालं. भिंत मे महिन्यात सुकायला लागली. ती तुमच्या कामामुळे सुकली नाही. आमचा गिझर बंद होता म्हणून सुकली.

आता जे लिहायचं ते सरळ लिहिते. तुमचं बाथरूम फोडायचं काही कारण नव्हतं. एकही लादी काढायची गरज नव्हती. तू एक महिना मागत होतीस, मी दिला असता तरी ते चूकच ठरलं असतं, कारण एक दिवसही काम करायचं नव्हतं. भावोजी ज्या फळीवरून घसरले ती फळी तिथे असायलाच नको होती. ती मी ठेवली. माझ्या नोटिशीने आणि मिटिंगमधल्या त्या वाक्याने.

हे मला १७ तारखेला कळलं. १८ तारखेला मी तुला लिहिलं, दोष सापडला, चावी नको. कुठे सापडला ते लिहिलं नाही. घाबरले होते, हे खरंच. पण खरं सांगायचं तर दमलेही होते. भिंत खरवडून, आबांना घेऊन डॉक्टरांकडे खेपा घालून, पोपडे झाडून. मला वाटलं, आता एवढं एक राहू दे झाकलेलं. कोणाचं काय बिघडतं?

मग तुझं पत्र आलं.

ते वाचल्यावर मला दोन्ही बाजूंनी सुचेना. सांगितलं नाही, तर तू तुझ्या स्वतःच्या घरी येणार नाहीस, माझ्या भिंतीला जपायचं म्हणून. सांगितलं, तर भावोजींचं समाधान, तुझ्याकडे उरलेली ती एकच गोष्ट, तिलाही माझाच हात लागणार. म्हणून मी मधलं काहीतरी शोधलं. एक कच्चं पत्र तयार केलं, की पाइप दोन्ही घरांचा सामाईक होता, जुना झाला होता, दोष कुणाचाच नाही. चांगलं जमलं होतं. आबांना वाचून दाखवलं.

आबा ऐकून म्हणाले, "छान लिहिलंयस. सेक्रेटरी असताना लिहायचीस तसं."

मी ते फाडलं. रात्री जेवताना आबा म्हणाले, "मला ऊब मिळत होती आणि तिकडे तो माणूस पडून होता," आणि ताट बाजूला सारलं. मग मला कळलं की त्यांनाही हिशेब लागला होता. मी म्हटलं, "आबा, तेव्हा गिझर बंदच होता, तेव्हा ऊब नव्हती." म्हणाले, "त्याच्या आधी होती ना?"

परवा मी कमिटीला लेखी दिलं, की गळती आमच्या सदनिकेतून होती, वरच्या सदनिकेचा संबंध नव्हता, आणि २०२२ ची नोटीस चुकीची होती. सध्याच्या सेक्रेटरी ऋजुता म्हणून आहेत, नवीन राहायला आल्या आहेत. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, जुनं झालं ते. आता कोण विचारतंय?" मी म्हटलं, "कोणी विचारत नाही म्हणूनच बोर्डावर लावा." लावलं आहे. दोन दिवस मी जिन्याने येता-जाता मान खाली घालून जाते. कोणी काही म्हणालं नाही. एकाने फक्त विचारलं, गिझर कुठल्या कंपनीचा.

आता तुझ्या पत्रातल्या त्या एका गोष्टीबद्दल. त्या दिवशी तू आलीस तेव्हा मला वाटलं होतं, तू भांडायला आलीस. मी काही न बोलता आत नेलं, कारण बोलायला तोंड नव्हतं. तू भिंतीला तळवा लावलास. नुसतं बोट नाही, पूर्ण तळवा, आणि बराच वेळ ठेवलास. भिंत कोरडी होती, ताई. श्रावण चालू होता, बाहेर सगळं ओलं होतं, आणि ती कोरडी होती. तू वर जाऊन भावोजींना सांगितलंस ते खरं होतं. का सुकली हे आपल्या दोघींना माहीत नव्हतं, पण सुकली होती. आणि त्यांना खरंच बरं वाटलं. माझी चूक त्याच्या आधीची आहे आणि नंतरची आहे, पण तुझा हात भिंतीला लागला तेव्हापासून तू वर जाऊन बोललीस तोपर्यंत, त्यात माझं काही नाही. ते तुमच्या दोघांचं आहे. ते माझ्या चुकीत धरू नकोस, एवढंच मागणं आहे. दुसरं काही मागायचा मला हक्क नाही.

तुझ्या बाथरूमला काहीही झालेलं नाही. तेव्हा नव्हतं, आत्ताही नाही. हवा तेवढा नळ सोड. गच्चीवरचा कॉक मी आज सकाळी माणूस लावून उघडून घेतला. पाणी तुझ्या मीटरपर्यंत आलं आहे, पुढचं तू दार उघडशील तेव्हा.

आणि नाही उघडलंस तरी मी समजेन. माझ्या वरच्या मजल्यावर राहणं, रोज जिन्यात माझं तोंड बघणं, हे तुला नको वाटलं तर त्यात काही चूक नाही. फक्त न येण्याचं कारण माझी भिंत असू देऊ नकोस. कारण मी असेन, तर ते बरोबर आहे.

समीक्षा